लाल पाकीट घरी आलं की: कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा कोर्स १२ महिने कसा चालवायचा

लाल पाकीट हातात मिळतं आणि त्याच वेळी कुष्ठरोग हा शब्द कानावर पडतो, मग डॉक्टर पुढं काय बोलतात ते डोक्यात शिरतच नाही. आमचं अगदी तसंच झालं. अप्पा खुर्चीत बसलेले, मी शेजारी उभी, मॅडम दहा मिनिटं नीट समजावत होत्या आणि घरी आल्यावर आम्हा दोघांनाही फक्त "रोज घ्या" एवढंच आठवत होतं. म्हणून हे लिहितेय, सोलापुरात नाहीतर कुठंही ज्यांच्या घरात हे पाकीट आलंय त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, डोस ठरवायचा तो डॉक्टरांनीच, पण ठरवून दिलेला डोस वर्षभर घरात चालवायचा असतो तो घरच्यांनी आणि खरी दमछाक तिथंच होते.

आधी एक गोष्ट, कारण आमचे आठ महिने यातच गेले. अप्पांच्या कमरेवर फिकट चट्टा होता, एका ठिकाणी दाखवला तर नायटा म्हणून मलम दिलं, ते संपलं की दुसरं मलम. नायटा खाजतो हो, हा चट्टा खाजत नव्हता. तिथं घाम येत नव्हता, लव गळाली होती, यंत्रमागावर दिवसभर घामानं भिजणारा माणूस आणि तेवढाच तुकडा कोरडा. घरी बघायचं असेल तर डोळे मिटायला सांगा, बॉलपेनाचं टोक चट्ट्यावर हलकं टेकवा आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगा, मग शेजारच्या चांगल्या कातडीवर तसंच करा. चट्ट्यावर कळलं नाही तर मलम बंद करून सरळ सरकारी दवाखान्यात जायचं, सिव्हिलला जा नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात, तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत. आशा ताईंना सांगितलं तरी त्या घेऊन जातात.

आता पाकिटाचं. मोठ्या माणसाच्या एमबी प्रकाराचं पाकीट लाल असतं. एमबी म्हणजे पाचापेक्षा जास्त चट्टे, किंवा एकाहून जास्त नसा धरलेल्या. पाचपर्यंत चट्टे असले तर पीबी. एमबीला १२ पाकिटं, पीबीला ६. आधी पीबीला दोनच औषधं देत, आता आपल्याकडं दोन्ही प्रकारांना तीन औषधं द्यायचं ठरलंय, त्यामुळं जुन्या पेशंटनं सांगितलं "मला तर दोनच गोळ्या होत्या" तर गोंधळू नका.

एका पाकिटात २८ दिवसांचा माल असतो. पहिल्या दिवशी सहा गोळ्या एकदम घ्यायच्या, रिफॅम्पिसिन ३०० च्या दोन म्हणजे ६०० मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन १०० च्या तीन म्हणजे ३०० मिलिग्रॅम आणि डॅप्सोन १०० ची एक. दुसऱ्या दिवसापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत रोज दोनच, क्लोफाझिमिन ५० आणि डॅप्सोन १००. एका पाकिटात ६० गोळ्या आणि बारा पाकिटांत ७२०. हा आकडा ऐकून अप्पा घाबरले होते, पण मला उलट त्याचा आधार वाटला, मोजता येणारी गोष्ट आहे ना, आज ७२० आहेत उद्या ७१४ राहतील.

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा डोस कमी असतो, पहिल्या दिवशी रिफॅम्पिसिन ४५०, क्लोफाझिमिन १५०, डॅप्सोन ५०, मग रोज डॅप्सोन ५० आणि क्लोफाझिमिन ५० एक दिवसाआड. त्याहून लहान मुलांचं वजनावर ठरतं. म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी तोडून पोराला द्यायची, असलं घरगुती गणित कधीच करू नका.

तीन औषधं कशाला, एकानं भागत नाही का, असं आईनं विचारलं होतं आणि प्रश्न बरोबरच आहे. पूर्वी एकटं डॅप्सोनच देत, वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर. १९६० च्या दशकापासून जंतू डॅप्सोनला दाद देईनात, मग १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं, तीच ही एमडीटी. रिफॅम्पिसिन यातलं सगळ्यात दमदार, महिन्याच्या एका डोसात बहुतेक जिवंत जंतू मारतं, पण उरलेले थोडे जरी एकट्या रिफॅम्पिसिनला सोसायला शिकले तर हातातलं सगळ्यात चांगलं हत्यारच जाईल, म्हणून बाकीची दोन रोज पहारा देतात. अप्पा म्हणायचे महिन्याची मोठी गोळी घेतली ना, मग रोजची एखादी राहिली तर काय बिघडतं. बिघडतं ते हेच.

आणि वर्षभर का? यॉज नावाचा एक कातडीचा रोग होता आपल्या देशात, आदिवासी भागांत, त्याला एका इंजेक्शनात पेनिसिलिन पुरायचं, घरोघर जाऊन पेशंट शोधले, आजूबाजूच्यांनाही औषध दिलं आणि २०१६ मध्ये भारत यॉजमुक्त जाहीर झाला. कुष्ठरोगाचा जंतू तसा नाही, फार संथ आहे, त्याला एकाचे दोन व्हायलाच बारा ते चौदा दिवस लागतात, आणि अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीस. असल्या सुस्त जंतूला गाठायचं तर औषधही तेवढं दमानं आणि न चुकता पोचलं पाहिजे.

रोज घ्यायचं कसं ते सांगते. पाकीट २८ दिवसांचं आहे म्हणजे बरोब्बर चार आठवडे, म्हणजे पहिलं पाकीट ज्या वारी सुरू केलं त्याच वारी पुढची सगळी सुरू होतात. आमचा वार मंगळवार. दर चौथ्या मंगळवारी सहा गोळ्या, कॅलेंडरवर वर्षभराचे बारा मंगळवार लाल पेनानं गोल करून ठेवले. महिना म्हणजे पहिली तारीख ते तीस तारीख असं धरू नका, तसं धरलं की दर महिन्याला दोन-तीन दिवसांची खिंड पडते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. मोठा डोस शक्यतो दवाखान्यात किंवा आशा ताईंच्या समोर घ्यायचा असतो, त्यांनी बघितलेलं असलं की कार्डावर नोंद पक्की होते.

रोजच्या दोन गोळ्या आम्ही रात्रीच्या जेवणाला बांधल्या. अप्पांना सकाळी कारखान्याची घाई, दुपारी डबा कधी खातील नेम नाही, पण रात्री भाकरी आणि शेंगाचटणी ठरलेली, म्हणून पाकीट चटणीच्या बरणीच्या वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी. क्लोफाझिमिन जेवणाबरोबर घेतलेलं बरं, पोटाला त्रास कमी होतो. आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ पर्यंत पारा जातो, पत्र्याच्या घरात वरच्या फळीचा तवाच होतो, तेव्हा उन्हाळाभर पाकीट खाली गार कपाटात हलवायचं आणि कुलूप लावायचं. गोळ्या पाकिटातून आधीच काढून डबीत भरून ठेवू नका. बरेच लोक कुणी पाकीट ओळखू नये म्हणून तसं करतात, मला कळतंय का करतात, पण मग कुठल्या दिवसाची राहिली ते कळायला मार्ग राहत नाही. लपवायचंच असेल तर अख्खं पाकीट कापडी पिशवीत ठेवा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चार गोळ्या घ्यायच्या नाहीत. त्या दिवसाच्या दोनच घ्यायच्या, चुकलेल्या तशाच ठेवून पुढच्या भेटीत दाखवायच्या. बारा पाकिटं जास्तीत जास्त अठरा महिन्यांत संपायला हवीत आणि पीबीची सहा नऊ महिन्यांत, एवढी सवलत आहे, पण ही सवलत अडचणीसाठी आहे, आळसासाठी नाही. खंड त्याहून मोठा पडला तरी लाजून घरी बसू नका, डॉक्टर बघून ठरवतात पुढं कसं.

आपल्या जिल्ह्यात खंड पडायचं मोठं कारण म्हणजे बाहेरगावी जाणं. ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या आसपास निघतात ती उन्हाळ्यातच परत. जायच्या आधी दवाखान्यात स्पष्ट सांगा की इतके महिने इथं नाही, राहिलेली पाकिटं सोबत द्यायची सोय आहे, फक्त बरोबर जाणाऱ्या कुणीतरी लक्ष ठेवायची जबाबदारी घ्यायची असते. कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, जिथं जाल तिथल्या आरोग्य केंद्रात तो दाखवला तरी पुढचं पाकीट मिळतं, गोळ्या देशभर सारख्याच आहेत. औषध दुकानात शोधत बसू नका, आणि शेजारी टीबीच्या पेशंटकडं पण रिफॅम्पिसिन आहे म्हणून उसनी गोळी, तसलं तर अजिबात नाही.

आता अंगावर काय दिसेल. महिन्याच्या मोठ्या डोसनंतर लघवी लालसर-केशरी होते, एखादा दिवस, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पहिल्याच दिवशी घाबरून बंद करतो. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, चट्ट्यांवर जास्त, आणि पायाची कातडी माशाच्या खवल्यासारखी कोरडी पडते. अप्पा चौथ्या महिन्यापासून इतके काळे दिसायला लागले की एका लग्नात तिघांनी विचारलं तब्येत बरी नाही का, आणि दुसऱ्या दिवशी ते म्हणाले मला नको या गोळ्या. माझ्या मते यावर घरच्यांनी हसण्यावारी न्यायचं नाही, माणसाला खरंच लागतं ते. आम्ही त्यांना सांगितलं, हा रंग औषध थांबल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो, बोटं वाकडी झाली तर ती तशी सरळ होत नाहीत, आणि रोज रात्री खोबरेल तेल लावून द्यायचं काम आईनं स्वतःकडं घेतलं.

डॅप्सोनबद्दल मात्र सावध राहायचं. त्यानं रक्त कमी होऊ शकतं, आधीच अशक्त असणाऱ्यांना जास्त, धाप लागणं, चेहरा पांढराफटक दिसणं असं झालं तर दाखवा. क्वचित कुणाला पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे, असं एकदम होतं, ती डॅप्सोनची ॲलर्जी असते आणि जिवावर बेतू शकते. यात डॅप्सोन लगेच थांबवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी पूर्वी आली असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. त्याच पेशंटला टीबी पण असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा, कारण टीबीत रिफॅम्पिसिन रोज चालू असतं, मग कुष्ठरोगाची महिन्याची वेगळी लागत नाही, बाकीची दोन चालू राहतात. बायकांसाठी, गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना एमडीटी चालते, थांबवायची गरज नाही, पण गर्भनिरोधक गोळ्यांचा असर रिफॅम्पिसिननं कमी होतो, तेव्हा दुसरा उपाय विचारून घ्या.

आता जे सांगण्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसले ते. पाचव्या महिन्यात अप्पांचे झोपलेले चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराच्या आत नस दोरीसारखी ताठ झाली, हात लावला की ओरडायचे, आणि डाव्या हाताच्या करंगळीतला जोर गेला. गल्लीत जो तो म्हणायला लागला, गोळी सोसंना झाली, उष्णता झाली, बंद करा. आम्ही बंद केली. नऊ दिवस. दहाव्या दिवशी कुष्ठरोग तंत्रज्ञ घरी आले, पाकीट उघडून नऊ दिवसांच्या गोळ्या तशाच बघितल्या आणि म्हणाले, "गोळ्या बंद का केलाव ओ, गोळ्या बंद करायच्या नाहीत, वरून अजून एक औषध लागतंय." त्याच दुपारी अप्पांना घेऊन गेलो.

याला रिॲक्शन म्हणतात, आणि ती औषधाची ॲलर्जी नव्हे. शरीराची ताकद जंतूंवर, बहुतेक मेलेल्या जंतूंवर, तुटून पडते आणि त्या मारामारीत नस भाजून निघते. कोर्सच्या आधी, चालू असताना, संपल्यावरसुद्धा येऊ शकते. एक प्रकार अप्पांसारखा, चट्टे लाल होणं आणि नस दुखणं, दुसऱ्यात अंगावर लाल दुखऱ्या गाठी आणि ताप. दोन्हीत एमडीटी चालू ठेवायची आणि नसेची सूज उतरवायला प्रेडनिसोलोन सुरू करतात, मोठ्या माणसाला साधारण रोज ४० मिलिग्रॅमपासून, मग दर दोन आठवड्यांनी कमी करत करत बारा आठवडे वगैरे. हे औषध सकाळी खाऊन घ्यायचं, मध्येच एकदम सोडायचं नाही, आणि आधी शुगर, बीपी बघून घेतात. नसेची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाला तर बरीचशी परत येऊ शकते, म्हणून एकेक दिवस मोलाचा. अप्पांची करंगळी परत जोर धरायला तिसरा महिना उजाडला, ते नऊ दिवस मला अजून टोचतात.

फरक लक्षात ठेवायला सोपं म्हणून एवढंच पकडा: ताप, अंगभर पुरळ आणि डोळे पिवळे म्हणजे डॅप्सोन, थांबवा आणि पळा. जुने चट्टे लाल, नस दुखरी, हातापायातला जोर कमी, डोळा नीट मिटत नाही म्हणजे रिॲक्शन, गोळ्या न थांबवता पळा. दोन्हीत पळायचंच आहे, आणि कुठलं आहे कळलं नाही तर पाकीट सोबत घेऊनच जा.

गोळ्या जंतू मारतात, बधीर झालेला हात लगेच जागा करत नाहीत. आमच्याकडं विड्या वळणाऱ्या बायकांना पान कापताना कात्री बोटाला लागलेली कळत नाही, तव्यावरची कडक भाकरी हातानं उलटताना चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. तेव्हा भाकरीला उलथनं, गरम पातेल्याला जाड फडकं, आणि दर रात्री हातपाय डोळ्यांनी तपासायचे, कारण त्यांना दुखून सांगता येत नाही. पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवून तेल लावायचं. आषाढीला पंढरपूरला चालत जायचा नेम असेल तर अनवाणी नको, बधीर पायाला तापलेला डांबरी रस्ता काय करतो ते चौथ्या दिवशी कळतं. मऊ रबराच्या एमसीआर चपला दवाखान्यातून फुकट मिळतात, मागून घ्या.

ताट-पेला वेगळा ठेवायचा का? नाही. आईनं पहिले चार आठवडे ठेवला होता, तिची भीती मी समजू शकते, पण औषध सुरू झालं की काही दिवसांतच पसरवायची ताकद जवळपास संपते, आणि तसंही शंभरातल्या पंचाण्णव लोकांच्या अंगात या जंतूला दाबायची ताकद असते. मंगळवारी दुसरं पाकीट सुरू केलं त्या दिवशी आईनं ते वेगळं ताट परत मांडणीत लावलं. सासरी कळलं तर संसार मोडेल या भीतीनं ज्या पोरी गोळ्या लपवून घेतात आणि मग चुकवतात, त्यांनी हेही माहीत करून घ्या की २०१९ च्या कायदादुरुस्तीनं कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून काढून टाकलंय.

घरातल्या बाकीच्यांसाठी पण एक डोस आहे, आणि हा आम्हाला मागून घ्यावा लागला नाही, घरी येऊन दिला. पेशंटचा कोर्स सुरू झाला की घरच्यांना, शेजाऱ्यांना आधी तपासतात, कुणालाच चट्टा नाही हे बघतात, मग रिफॅम्पिसिनचा एकच डोस. पंधरा आणि त्याच्या वर ६०० मिलिग्रॅम, दहा ते चौदा ४५०, त्याहून लहान मुलांना वजनानुसार, दोन वर्षांच्या आतल्यांना नाही. गरोदर बाई, टीबीची लक्षणं असलेला, लिव्हरचा आजार असलेला, यांना देत नाहीत. बांगलादेशात मोठा अभ्यास झाला त्यात पहिल्या दोन वर्षांत अशा लोकांमधला रोग ५७ टक्क्यांनी कमी झाला होता. म्हणजे हा डोस पूर्ण कवच नाही, पुढची काही वर्षं अंग बघत राहायचं. पण गल्लीत आशा ताई हा डोस घेऊन आल्या की लोक दार लावून घेतात, "आम्हाला काय रोग झालाय का" म्हणतात, तेव्हा पेशंटच्या घरच्यांनी नाव न सांगता का होईना शेजाऱ्यांशी बोलावं असं मला मनापासून वाटतं. जगातले निम्म्याहून जास्त नवे पेशंट आपल्या देशात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास, आणि सरकारनं २०२७ पर्यंत प्रसार थांबवायचं ठरवलंय.

बारावं पाकीट संपलं की कार्डावर उपचार पूर्ण असा शेरा घेतल्याशिवाय उठू नका. चट्टा तेव्हाही थोडा फिकट दिसेल, बधीरपणा राहील, त्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजून खाजगीत परत कोर्स विकत घेत बसू नका, मेलेले जंतू अंगातून निघायला वेळ लागतो. नवा चट्टा, नस दुखणं, जोर कमी होणं यातलं काही पुढच्या दोन-तीन वर्षांत दिसलं तर तेच कार्ड घेऊन परत जायचं. आमचं कार्ड रेशन कार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवलंय, अप्पांनीच ठेवलं, आणि दर दोन महिन्यांनी ते स्वतःच बॉलपेन आणून मला देतात आणि डोळे मिटून बसतात.